हायडीपासून मार्कोपर्यंत : अभिजात बालकथा आणि जपानी चित्रमालिका



ज्या शाळेच्या बाकांवर बसून मी बाराखडी गिरवली, तिच्याच सभागृहात गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ चार शब्द बोलण्याची संधी मला मिळाली, याबद्दल संस्थेचा मी ऋणी आहे. या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, शिक्षणशास्त्र, माळव्यातील मराठी समाज अशा भारदस्त विषयांवर विद्वानांनी विवेचन केले आहे. यंदाचा विषय कळवल्यावर चिटणीसांनी मला दूरध्वनी करून अत्यंत अदबीने विचारले, "सर, विषय नक्की हाच ना?" त्यांचे आश्चर्य स्वाभाविक आहे. आयुष्यभर ज्ञानेश्वरी आणि मर्ढेकर शिकवलेल्या माणसाने उतारवयात जपानी चित्रमालिकांवर बोलावे, हे मलाही तीस वर्षांपूर्वी विचित्रच वाटले असते.

परंतु या विषयामागे एक जुने देणे आहे. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'जंगल बुक' ही मालिका हिंदीतून सुरू झाली आणि घरोघरची मुले दूरचित्रवाणी संचासमोर खिळून बसू लागली. त्याच सुमारास शाळेच्या स्नेहसंमेलनात मी पाहुणा म्हणून आलो होतो. याच व्यासपीठावरून मी त्या मालिकेवर आणि एकूणच चित्रमालिकांवर आवेशाने तुटून पडलो. मुलांचे वाचन संपले, इंग्रजाची गोष्ट, जपान्यांची चित्रे आणि हिंदीचे शब्द अशा उसन्या तिकाटण्यावर आपली मुले पोसली जात आहेत, असे मी म्हणालो. टाळ्याही मिळाल्या. कार्यक्रम संपल्यावर गुरुजी माझ्याजवळ आले. तेव्हा ते निवृत्त झाले होते. त्यांनी शांतपणे विचारले, "बाळ, तू ती पाहिली आहेस का?" मी म्हणालो, "नाही, गुरुजी." ते म्हणाले, "मग पाहून सांग." त्यांच्या हयातीत मी ती पाहिली नाही आणि सांगितलेही नाही. आज ते उत्तर देण्याचा हा उशिराचा प्रयत्न आहे.

विषयाची मांडणी मी तीन भागांत करणार आहे. या मालिका कशा जन्माला आल्या, मूळ कृतींशी त्या कशा वागल्या, आणि आपण मराठी माणसांनी त्यांपासून काय घ्यावे.

जपानमध्ये दूरचित्रवाणीवरील साप्ताहिक चित्रमालिकांचे युग १ जानेवारी १९६३ रोजी ओसामू तेझुका यांच्या 'तेत्सुवान आतोमू' या यंत्रमुलाच्या मालिकेने सुरू झाले. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा, हाताशी पैसा थोडा आणि वेळ त्याहून थोडा. चित्रपटात एका सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. तेझुकांच्या मंडळींनी एकेक चित्र तीन-तीन चौकटी रोखून धरले, म्हणजे सेकंदाला फार तर आठ चित्रांवर काम भागवले. ओठ हलायचे, बाकीचा देह स्थिर राहायचा. या काटकसरीतून जी शैली निर्माण झाली तिला वेग, लढाया आणि चमत्कार मानवत. एखादी मुलगी गवताच्या बिछान्यावर निवांत पडून झाडांचा आवाज ऐकते आहे, असले दृश्य तिला मानवणारे नव्हते. ही अडचण लक्षात ठेवावी. पुढच्या सगळ्या कर्तृत्वाचे मोल तिच्यामुळेच कळते.

१९६९ पासून रविवारी संध्याकाळी साडेसात वाजता एका पेयकंपनीच्या पुरस्काराने कौटुंबिक चित्रमालिकांची एक ठरावीक वेळ रूढ झाली. फिनलंडच्या तूवे यानसन यांच्या मूमिन कथा प्रथम तेथे आल्या. लेखिकेला ते रूप पसंत पडले नाही. आपल्या शांत दरीत परका दांडगेपणा शिरला, अशी तिची तक्रार होती. १९७१ साली आणखी एक प्रसंग घडला. इसाओ ताकाहाता, हायाओ मियाझाकी आणि योइची कोताबे हे तिघे आपली जुनी चित्रपटसंस्था सोडून स्वीडनच्या आस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या 'पिप्पी' या कथेवर मालिका करावयास निघाले. मियाझाकी स्वीडनला जाऊन आले, रेखाटने तयार झाली. पण लेखिकेची परवानगी मिळाली नाही आणि सगळे बेत बासनात गेले. परक्या देशाची गोष्ट आपली म्हणून सांगायची तर आधी तिच्या मालकिणीच्या घराचा उंबरठा ओलांडावा लागतो, हा धडा या दोन प्रसंगांनी शिकवला असावा, असे मला वाटते.

या तिघांपैकी ताकाहाता यांच्याविषयी थोडे सांगतो, कारण ते आपल्या जातकुळीचे, म्हणजे साहित्याचे विद्यार्थी होते. १९३५ चा जन्म. टोकिओ विद्यापीठात फ्रेंच साहित्याचा अभ्यास. नऊ वर्षांचे असताना, जून १९४५ मध्ये, ओकायामा शहरावरील बाँबहल्ल्यातून ते वाचले होते. स्वतः चित्रे काढणारे ते नव्हते. ते दिग्दर्शक होते, म्हणजे आमच्या भाषेत ते संहितेचे भाष्यकार होते.

१९७३ च्या उन्हाळ्यात हे तिघे स्वित्झर्लंडला गेले. योहाना स्पिरी या लेखिकेची 'हायडी' ही कादंबरी १८८० आणि १८८१ साली दोन भागांत प्रसिद्ध झाली होती. तिची भूमी म्हणजे मायेनफेल्ड हे गाव आणि त्यावरची डोंगरकुरणे. त्यांनी ती पायी तुडवली, फ्रँकफर्ट शहरही पाहिले. घरांची छपरे, चुलीवरची भांडी, शेळ्यांच्या चालण्याची तऱ्हा, सारे निरखून ते परतले. दूरचित्रवाणीवरच्या मुलांच्या मालिकेसाठी परदेशी जाऊन अशी पाहणी करणे हे त्या काळी अपूर्वच होते. ६ जानेवारी १९७४ रोजी मालिका सुरू झाली आणि बावन्न भागांनंतर २९ डिसेंबरला संपली. कोताबे यांनी पात्रांची रूपे घडवली. मियाझाकी यांनी प्रत्येक दृश्याची मांडणी रेखाटली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, रविवारच्या नेमक्या त्याच वेळेला, दुसऱ्या वाहिनीवर 'यामातो' नावाच्या अंतराळनौकेची मालिका उभी ठाकली. पुढे तिने मोठी कीर्ती मिळवली, पण पहिल्या खेपेला डोंगरावरच्या एका अनाथ मुलीपुढे अवकाशातली ती युद्धनौका टिकली नाही. सव्वीस भागांतच तिला आटोपते घ्यावे लागले.

मालिकेचा पहिला भाग आठवतो. मावशी पाच वर्षांच्या हायडीला तिच्या एकलकोंड्या आजोबांकडे सोडायला डोंगर चढते आहे. गाठोडे वाहावे लागू नये म्हणून मुलीच्या अंगावर सगळे कपडे एकावर एक चढवलेले. शेळ्या वळणारा पेटर भेटतो, आणि उकाड्याने बेजार झालेली मुलगी एकेक कपडा उतरवून तिथेच टाकून मोकळी होते. हा प्रसंग स्पिरीच्या कादंबरीत आहेच. दिग्दर्शकाने काय केले, तर त्याला वेळ दिला. संपूर्ण पहिला भाग म्हणजे केवळ एक चढण. कपड्यांच्या ओझ्यातून सुटलेले ते मूल धावू लागते, तेव्हा पाहणाऱ्याच्या अंगावरूनही काहीतरी उतरल्यासारखे होते. पुढे आजोबा विस्तवावर चीज वितळवून पावावर घालून देतात, वाडग्यात दूध ओततात, गवताच्या बिछान्यावर चादर अंथरतात. त्यात कथानक काहीच नाही, पण तीच त्या मालिकेची कथा आहे. कमी चित्रांच्या काटकसरीत वाढलेल्या त्या माध्यमाला या मंडळींनी बसणे, खाणे, वाट पाहणे, चालणे या क्रिया शिकवल्या. मला येथे आपल्या ओवीवाङ्मयाची आठवण होते. तिथेही जात्याच्या फेऱ्यागणिक रोजचेच जगणे पुन्हा पुन्हा येते आणि त्या पुनरावृत्तीतूनच अर्थ दाट होत जातो.

आता दुसऱ्या भागाकडे वळतो. या मालिका मुळाशी प्रामाणिक होत्या का?

आपल्या भाषेत भाषांतर आणि रूपांतर हा भेद जुना आहे. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले आणि देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला, तेव्हापासून आपण त्यावर वाद घालत आलो आहोत. बालवाङ्मयात तर रूपांतराची परंपरा याहून जुनी आहे. १८०६ साली तंजावरात, सरफोजीराजांच्या छापखान्यात, इसापच्या गोष्टी मराठीत 'बालबोधमुक्तावली' या नावाने छापल्या गेल्या. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, तमिळ मुलुखात, एका मराठी दरबाराला मुलांसाठी परक्या गोष्टी आपल्या भाषेत आणाव्याशा वाटल्या, ही बाब इंदुरात बसलेल्या आपल्यासारख्यांनी विसरू नये.

जपानी लोकांचा अनुभवही असाच आहे. ऊइडा या टोपणनावाने लिहिणाऱ्या इंग्रज लेखिकेची 'फ्लँडर्सचा कुत्रा' ही कथा १८७२ ची. तिचा पहिला जपानी अनुवाद १९०८ साली निघाला, तेव्हा नेलो या मुलाचे नाव झाले किओशी आणि पात्राश या कुत्र्याचे झाले बुची, म्हणजे आपला कबऱ्या! आपल्या झुंझाररावाचाच तो भाऊबंद. पुढे १९७५ साली योशिओ कुरोदा यांनी तिची बावन्न भागांची मालिका केली, तेव्हा मात्र नेलो नेलोच राहिला आणि अँटवर्प अँटवर्पच राहिले. सत्तर वर्षांत जपानी वाचक परक्या नावांना सरावला होता. आपल्याकडे शांताबाई शेळके यांनी 'लिटल विमेन'ला 'चौघीजणी' असे घरगुती नाव दिले, पण त्या चौघींचे घर अमेरिकेतच ठेवले. परक्याला आपले करण्यासाठी त्याला धोतर नेसवण्याची गरज उरली नाही, ही दोन्हीकडच्या वाचकांची प्रगतीच म्हटली पाहिजे.

परंतु नावे ठेवली म्हणून निष्ठा सिद्ध होत नाही. 'हायडी'त मोठा बदल आहे तो धर्माचा. स्पिरीची कादंबरी श्रद्धेवर उभी आहे. क्लाराची आजी हायडीला प्रार्थना करावयास शिकवते, आणि उधळ्या पुत्राची बायबलमधील कथा हायडीच्या तोंडून ऐकून आजोबांचे मन पालटते. कित्येक वर्षांनी ते देवळाची पायरी चढतात. जपानी मालिकेत हा धागा पुष्कळच विरळ केला आहे. श्रद्धेची जागा घराजवळच्या वृक्षांनी, ऋतूंनी आणि रोजच्या श्रमांनी घेतली. काहींना हे मूळ कृतीचे काळीजच काढल्यासारखे वाटेल. मी स्वतः याचा बराच विचार केला. माझे मत असे झाले आहे की, येथे नुकसान झाले हे खरे, परंतु ते उघड्या डोळ्यांनी पत्करले गेले. ज्या श्रद्धेची भाषा आपल्या प्रेक्षकाला येत नाही, ती तोंडदेखली बोलण्यापेक्षा त्याला येणाऱ्या भाषेत कृतज्ञता सांगावी, असे त्यांनी ठरवले.

दुसरा बदल अधिक बोलका आहे. कादंबरीत पेटर मत्सरापोटी क्लाराची चाकांची खुर्ची डोंगरावरून ढकलून देतो. मग अपराधाची भीती, कबुली आणि क्षमा असा क्रम येतो. मालिकेत पेटरकडून हे पाप होत नाही. उभे राहण्याच्या सरावाला कंटाळून क्लारा स्वतःच जुन्या खुर्चीचा आधार शोधू जाते आणि ती खुर्ची उतारावरून निसटून मोडते. त्याआधी ती प्रथम उभी राहते तीही गाय जवळ आल्याने घाबरून, नकळत. पाप आणि क्षमेची कथा अशा रीतीने धीर आणि आळस यांची कथा होते. यात पेटर निर्मळ झाला, पण थोडा उथळही झाला. मत्सर वाटणारा स्पिरीचा पेटर मला अधिक खरा वाटतो, हे मी नमूद करतो.

'फ्लँडर्सचा कुत्रा' या मालिकेत उलट घडले. गरीब नेलो आणि त्याने जगवलेला कुत्रा दुधाची गाडी ओढत अँटवर्पला जातात. तेथील मोठ्या देवालयात रूबेन्सची क्रूसाची चित्रे पडद्याआड आहेत. ती पाहायला पैसे पडतात. शेवटी नाताळच्या आदल्या रात्री ती चित्रे त्याला दिसतात आणि तेथेच, कुत्र्याला कवटाळून, तो थंडीने मरतो. १९५९ च्या अमेरिकन चित्रपटाने हा शेवट बदलला. तिथे नेलो वाचतो. जपानी मालिकेने तो बदलला नाही. २८ डिसेंबर १९७५ च्या रविवारी जपानमधील घराघरांत मुले रडली. मात्र याच मालिकेने दुसरी एक तडजोड केली. मूळ कथेत नेलो मरतो तेव्हा पंधरा वर्षांचा आहे. मालिकेत तो बराच लहान आहे. पंधरा वर्षांच्या गरीब मुलाशी आपल्या मुलीने मैत्री ठेवू नये, या गिरणीमालकाच्या धास्तीमागे एक सामाजिक कारण होते. नेलो लहान झाला तशी ती धार बोथट झाली आणि केवळ करुणा उरली.

या मालिकेला एक विलक्षण उपसंहार आहे. ही कथा इंग्रजीत लिहिलेली असल्याने खुद्द फ्लँडर्समध्ये ती फारशी कुणाला ठाऊक नव्हती. जपानी प्रवासी अँटवर्पला येऊन नेलोचे घर कुठे, असे विचारू लागले, तेव्हा तेथील लोकांना शोध घ्यावा लागला. १९८५ साली होबोकेन या उपनगरात नेलो आणि पात्राश यांचा पुतळा उभा राहिला. २०१६ साली देवालयासमोर दुसरे शिल्प आले. आपल्याच मातीतली गोष्ट दूरच्या वाचकाने आणून परत द्यावी, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

तिसरी मालिका १९७६ ची, 'आईच्या शोधात तीन हजार कोस'. ही मला सर्वांत थोर वाटते, आणि शाळेत बोलताना तिच्याविषयी बोललेच पाहिजे. एदमोंदो दे आमिचिस या इटालियन लेखकाचे 'कुओरे', म्हणजे 'हृदय', हे पुस्तक १८८६ चे. तुरीन शहरातील प्राथमिक शाळेत शिकणाऱ्या एका मुलाची ती वर्षभराची रोजनिशी आहे. त्या वर्गात गुरुजी दर महिन्याला एक गोष्ट देतात आणि मुले ती उतरवून घेतात. त्यांतली एक गोष्ट मार्कोची. त्याची आई कर्ज फेडण्यासाठी जेनोआहून अर्जेंटिनात मोलकरणीच्या कामाला गेली आणि तिची पत्रे येईनाशी झाली. म्हणून मुलगा एकटा समुद्र ओलांडून तिला शोधत जातो. ब्युनॉस आयर्सला पोचतो तर ती तेथून गेलेली. मग कोर्दोबा, मग तुकुमान. मूळ गोष्ट एका बैठकीत वाचून होते. ताकाहाता यांनी तिच्यातून बावन्न भाग विणले.

येथे रूपांतर हे भाष्य कसे होते ते दिसते. मूळचा मार्को तेरा वर्षांचा, सद्गुणी आणि निश्चयी आहे. नवराष्ट्राच्या बालकांपुढे ठेवलेला तो आदर्श आहे. मालिकेतला मार्को नऊ-दहा वर्षांचा आहे आणि चिडका आहे. त्याचे वडील गरिबांसाठी दवाखाना चालवतात, त्यापायी कर्ज होते आणि आईला परदेशी जावे लागते. वडिलांचा हा परोपकार मुलाला पटत नाही. तो त्यांच्यावर रागावतो. प्रवासात त्याला बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या पेपिनोचे कुटुंब भेटते. हे कुटुंब मूळ कथेत नाही. पोटासाठी देश सोडून निघालेली माणसे, जहाजाच्या तळातली गर्दी, स्टेशनावरची उपासमार हे सारे पाहताना इटलीतील नववास्तववादी चित्रपटांची आठवण होते. दे आमिचिसने वीरबालकाची कथा लिहिली. ताकाहाता यांनी तिच्यातून स्थलांतराची कथा बाहेर काढली. ती मूळ मजकुरात दडलेली होतीच, लेखकाला तिच्यावर थांबायला सवड झाली नव्हती. काही भाग लांबले आहेत, योगायोग फार आहेत, हेही खरे. तरीही मूळ लेखकापेक्षा रूपांतरकाराने गोष्ट अधिक खोल वाचली, असे म्हणण्याचे धाडस मी येथे करतो.

याच्या उलट रीत त्यांनी १९७९ साली लूसी मॉड माँटगोमेरी यांच्या 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स' या १९०८ च्या कादंबरीबाबत अवलंबली. जपानमध्ये ही कादंबरी हानाको मुराओका यांच्या अनुवादाने घरोघर पोचली होती. एका कॅनेडियन मिशनरी बाईने १९३९ साली निरोप घेताना दिलेली प्रत त्यांनी युद्धाच्या काळात जपली, अनुवादली, आणि १९५२ साली तो अनुवाद प्रसिद्ध झाला. शत्रूच्या भाषेतले पुस्तक बाँबवर्षावात जपणे म्हणजे काय, याचा आपण विचार करावा. अशा प्रिय ग्रंथावर ताकाहाता यांनी स्वतःचे काही लादले नाही. पन्नास भागांत त्यांनी कादंबरीचा जवळजवळ संवादन्‌संवाद पाळला. मियाझाकी पंधरा भागांनंतर स्वतःच्या चित्रपटासाठी बाहेर पडले. बडबडी ॲन आणि अबोल मारिला या दोघींना दिग्दर्शकाने सारखा न्याय दिला. म्हणून मुलांना ती ॲनची गोष्ट वाटते आणि माझ्यासारख्याला मारिलाची. मार्कोच्या वेळी स्वातंत्र्य आणि ॲनच्या वेळी संयम! कोणत्या कृतीपाशी काय करावे हे कळणे, यालाच मी रूपांतरकाराची निष्ठा म्हणेन.

जिच्यावर मी १९९३ साली तुटून पडलो, त्या मालिकेकडे आता येतो. ती १९८९ सालची, 'निप्पोन ॲनिमेशन' या संस्थेची, बावन्न भागांची. किपलिंगचा जन्म मुंबईचा, १८६५ चा. 'जंगल बुक' त्याने अमेरिकेत व्हरमाँटला बसून लिहिले, आणि कथेची भूमी म्हणून निवडले आपले सिवनीचे रान. त्यातली वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावून पुढे भंडाऱ्याकडे विदर्भात उतरते. म्हणजे ही गोष्ट मराठी मुलखाच्या अगदी दारातली, पण ती आपल्याला कळली इंग्रजाकडून आणि दिसली जपान्यांकडून. जपान्यांनी त्या रानात किची नावाचा तांबडा पांडाही आणून सोडला, जो हिमालयाखाली कधी उतरत नाही! तरीही लांडग्यांच्या कुटुंबातले जिव्हाळ्याचे नाते त्यांनी मनापासून रंगवले. हिंदी रूपात शेरखानचा आवाज होता मुरूडच्या नाना पाटेकरांचा. मी ज्याला उसने म्हणालो, त्यात आपलेही थोडे होते. मी पाहिले नव्हते एवढेच.

मग मी पाहिले केव्हा? २०२० साली टाळेबंदी होती, आणि माझी अकरा वर्षांची नात आमच्याकडे अडकली होती. तिने तिच्या संगणकावर 'हायडी' लावली. बोलणे जपानी, खाली इंग्रजी अक्षरे. माझ्या पत्नीची दृष्टी अधू झाली आहे, तिला अक्षरे दिसत नाहीत. म्हणून नात प्रत्येक वाक्य मराठीत सांगू लागली. तिचे शिक्षण इंग्रजीत, खेळणे हिंदीत, आणि मराठी फक्त आजीपुरते. मी शेजारच्या खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसलेला होतो. हायडी फ्रँकफर्टच्या मोठ्या घरात आहे, तिला डोंगर आठवतात, तिचे खाणे तुटते, झोपेत ती घरभर चालू लागते. तिथे नात अडली. म्हणाली, "आजी, होमसिकला मराठीत काय म्हणतात?" मी, पीएच.डी. झालेला प्राध्यापक, शब्दकोशातले शब्द आठवू लागलो. गृहविरह म्हणावे की आणखी काही? पत्नी सहज म्हणाली, "झुरते आहे, म्हण. पोर झुरते आहे." नातीने तो शब्द दोनदा उच्चारला. पुढच्या रविवारी तिने आपल्या आईला फोनवर सांगितले, "मी इथे मजेत आहे, पण थोडी झुरतेय."

मित्रहो, स्पिरीच्या जर्मनमधून जपानीत, जपानीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून माझ्या दिवाणखान्यात येऊन त्या गोष्टीने माझ्या नातीला एक अस्सल मराठी शब्द दिला. मी वर्तमानपत्र खाली ठेवले ते तेव्हा. त्यानंतर आम्ही तिघांनी राहिलेले भाग पाहिले, मग मार्को पाहिला, मग मोगली.

म्हणून तिसऱ्या भागात माझे म्हणणे थोडक्यात मांडतो. १९९३ साली मी म्हणालो होतो की चित्राने शब्द मरतो. ते अर्धेच खरे होते. चित्रापुढे मुलाला एकटे सोडले तर शब्द मुका होतो. शेजारी सांगणारे कुणी असेल तर तेच चित्र शब्द मागू लागते. आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत हे अधिकच खरे आहे. आपल्या मुलांना चित्रे कुठूनही मिळतील. 'झुरणे' हा शब्द मात्र आजीकडूनच मिळेल, नाहीतर या शाळेकडून. आणि जपान्यांनी शिकवले ते एवढेच नाही. बावन्न आठवडे एका मुलीचे चालणे, खाणे, रडणे दाखवत राहण्याइतका मुलांवर विश्वास टाकावा, त्यांना मृत्यूही दाखवावा, त्यांच्यासाठी परमुलखात जाऊन चुलीवरचे भांडेदेखील पाहून यावे, ही त्या कामामागची वृत्ती आहे. मुलांसाठी म्हणून कमी प्रतीचे चालते, असा समज आपल्याकडे अजूनही आहे. भा. रा. भागवतांसारख्यांनी तो आयुष्यभर मानला नाही. आपणही मानू नये.

गुरुजी शनिवारी शेवटच्या तासाला आम्हांला गोष्ट वाचून दाखवत. पुस्तक बहुधा भाषांतरित असे. ते वाचता वाचता थांबत आणि एखाद्या शब्दाला आणखी चांगला शब्द सुचतो का, असे वर्गाला विचारत. आज माझ्या लक्षात येते की तो वर्ग म्हणजे रूपांतराची शाळा होती, आणि दे आमिचिसच्या त्या तुरीनच्या वर्गापासून ती फार दूर नव्हती. संस्थेला माझी विनंती आहे की शनिवारचा तो तास पुन्हा सुरू करावा. हवे तर आधी एखादा भाग मुलांना दाखवा, मग तीच गोष्ट पुस्तकातून मराठीत वाचा, आणि मुलांना विचारा : काय बदलले? बदलले ते बरे झाले की वाईट? पेटरने खुर्ची ढकलावी की नाही, यावर दहा वर्षांची मुले माझ्यापेक्षा चांगले बोलतील. आज मला मिळणाऱ्या मानधनात त्या तासासाठी पहिली काही पुस्तके येतील, ते मी ग्रंथालयाकडे सुपूर्द करीत आहे. प्रकृती साथ देईल तोवर महिन्यातून एक शनिवार वाचायला मी स्वतः येईन.

गुरुजी, मी ती पाहिली. तुम्ही विचारले होते म्हणून सांगतो, मी तेव्हा न पाहता बोललो होतो, ते चुकले.